गाडीची फॅट

पहाटे साडेपाचला दूध संस्थेचं शटर वर जातं. किटल्या, बादल्या, कॅन घेऊन माणसं रांगेला लागतात आणि खिडकीच्या आत वहिनी बसलेल्या असतात. दूध सरपंचाचं असो की वाडीवरच्या एकट्या म्हातारीचं, आधी ते ढवळायचं, मग छोट्या बाटलीत नमुना घ्यायचा, मशीनच्या नळीखाली धरायचा आणि आकडा उमटेपर्यंत थांबायचं. म्हशीच्या दुधाला सहा फॅट आणि नऊ एसएनएफ, गाईच्या दुधाला साडेतीन आणि साडेआठ. दराचं सगळं गणित त्यावर. न ढवळता वरवरचं दूध घेतलं तर साय आकडा फुगवते, तळातलं घेतलं तर बिचाऱ्या गवळणीचं नुकसान होतं. म्हणून वहिनींचा नियम ठरलेला, पार तळापर्यंत ढवळायचं. टेस्टर म्हणून नऊ वर्षं त्या हेच करत आल्या होत्या.

गाव कोयनेच्या खोऱ्यात, कराड-पाटण रस्त्यापासून बरंच आत. खाली नदी, वर सडा, आणि मधल्या उतारावर विखुरलेल्या वाड्या. सड्याच्या कडेला उभं राहिलं की वनकुसवड्याकडच्या पवनचक्क्या फिरताना दिसतात. कोयनेच्या पाण्यावर १९६० मेगावॅटचा वीजप्रकल्प उभा आहे. या खोऱ्यातल्या पाण्याने आणि वाऱ्याने लांबलांबची शहरं उजळतात. त्याच खोऱ्यातल्या वरच्या वाडीत मात्र दिवेलागणीला बल्ब लालसर होतो आणि पोरं दारातल्या उजेडात पाढे म्हणतात. हे मनात धरून पुढची गोष्ट वाचावी, कारण ती सगळी या बल्बाभोवतीच फिरते.

संस्थेचे सहा टेम्पो होते. सगळे डिझेलवरचे ‘छोटा हत्ती’. सकाळ-संध्याकाळ वाड्यांवरून दूध उचलायचं, खाली संस्थेच्या बल्क कूलरला आणायचं, तिथे ते चार अंशांवर गार व्हायचं आणि मग मोठा टँकर घेऊन जायचा. श्रावणातल्या सर्वसाधारण सभेत चेअरमन उभे राहिले. गाव त्यांना आबा म्हणतं. माणूस तळमळीचा. डिझेल नव्वदीच्या घरात गेलेलं, टेम्पो घाटात लिटरला पंधरा-सोळाच्या वर देत नव्हते, आणि उत्पादकाला द्यायचा पैसा धुराड्यातून जात होता याचं त्यांना खरोखर वाईट वाटायचं.

“केंद्रानं २०१५ पासून विजेच्या गाड्यांना मदत सुरू केली,” आबा म्हणाले, “राज्यानं २०२१ ला धोरण आणलं, २०२५ ला नवं आणलं. आपण अजून काय बघत बसायचं? येत्या दसऱ्याला सहाच्या सहा गाड्या विजेवरच्या. धूर बंद, डिझेल बंद.”

टाळ्या पडल्या. सूचक उभा राहिला, अनुमोदक उभा राहिला. सचिवांनी ठराव लिहायला पेन उघडलं, तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला.

“आबा, फॅट लावली का?”

सभा थांबली. वहिनी सभेत कधी बोलत नसत. आबांनी विचारलं, “कशाची फॅट, सूनबाई?”

“गाड्यांची. अर्धा लिटर दूध असलं तरी आपण तपासल्याबिगर घेत नाही. मग सहा गाड्या कशा घ्यायच्या? गाडी आपल्या गावाला लागू आहे का, आणि गाव गाडीला लागू आहे का, हे कुणी बघितलं?”

कोपऱ्यातून कुणी म्हणालं, बाई नव्याला नाट लावते. तेव्हा फौजी उठले. सैन्यातून निवृत्त होऊन गावात परतलेले, मोजकं बोलणारे.

“मी २००१ साली दिल्लीत होतो,” ते म्हणाले. “सुप्रीम कोर्टानं १९९८ सालीच सांगितलं होतं की ३१ मार्च २००१ पर्यंत सगळ्या बस सीएनजीवर आणा. जवळपास तीन वर्षं हातात होती. तारीख आली तेव्हा गॅसच्या बस थोड्या आणि गॅसचे पंप त्याहून थोडे. रिक्षावाले रात्र-रात्र रांगेत. रिक्षातच झोपायचे, रांग सरकली की उठून गाडी ढकलायची. सकाळी कामावर जाणारी माणसं थांब्यावर ताटकळत उभी. कोर्टाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत सगळ्या बस गॅसवर आल्याच. पण मधल्या दिवसांत हाल कुणाचे झाले? पगार कापला जाणाऱ्याचे. पंप किती लागतील ते आधी कुणी मोजून ठेवायला हवं होतं.”

आबा गप्प झाले. त्यांचा चेहरा पडला होता, तरी माणूस ऐकून घेणारा. “किती दिवस पाहिजेत?” त्यांनी विचारलं.

“एक महिना. आणि नाना माझ्यासोबत पाहिजेत.”

नाना म्हणजे एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले मेकॅनिक. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली आणि २०२२ मध्ये त्याच तारखेला, त्याच मार्गावर महामंडळाची पहिली विजेवरची ‘शिवाई’ धावली, हे ते कुणीही भेटलं की सांगायचे. पण त्यातलं त्यांना भावलेलं निराळंच होतं. “पहिल्या दिवशी एकच मार्ग धरला,” ते म्हणायचे. “अंतर माहीत, थांबे माहीत, परत यायची वेळ माहीत. तिथनं सुरुवात.”

दुसऱ्या दिवशी वहिनींनी दोनशे पानी वही आणली आणि दुधाच्या रजिस्टरसारखे रकाने आखले. पहिला रकाना किलोमीटरचा. सहा ड्रायव्हरांना विचारलं, दिवसाला गाडी किती पळते? सगळे म्हणाले, दीडशे तरी होतच असेल. नाना रोज पहाटे आणि रात्री मीटरचा आकडा टिपून घेऊ लागले. आठ दिवसांनी वहीत आलं: एक गाडी ३९, मग ४८, ५८, ६४, ७१ आणि वरच्या वाडीचे ड्रायव्हर तात्या, त्यांची ११२. वहिनींनी वही ड्रायव्हरांपुढे ठेवली. बॅटरी निम्म्या रस्त्यात संपेल ही त्यांची भीती पहिल्याच रकान्यात निम्मी झाली. मला हे फार मोलाचं वाटतं. मोजमाप करायला बसणारा माणूस म्हणजे अडवणारा, असा आपल्याकडे समज आहे. इथे मोजल्यामुळेच दार किलकिलं झालं.

दुसरा रकाना वहिनींनी आखला तेव्हा नानांनाही कळेना. त्यावर लिहिलं होतं, ‘रात्री गाडी कुठे झोपते?’ संस्थेच्या आवारात एकही झोपत नव्हती. दोन ड्रायव्हर शेजारच्या आळीत राहायचे, त्यांच्या गाड्या रस्त्याकडेला. एक दीड कोसावरच्या वाडीत पिंपळाखाली. दोन गाड्या गोठ्याला लागून, जिथे एक वायर येते ती एका बल्बापुरती. आणि तात्यांची गाडी पार वरच्या वाडीत, घराच्या पडवीपुढे. डिझेलची गाडी कुठेही झोपली तरी चालते. विजेच्या गाडीचं जेवण झोपेत होतं, त्यामुळे तिची झोपायची जागा हीच तिची पंगत.

मग वीज. वायरमनला विचारलं तर तो म्हणाला, “लाइट असतीया की.” ऑफिसात विचारलं असतं तर कागदावरचं उत्तर आलं असतं. वहिनींनी तिसरी वाट धरली. प्रत्येक वाडीतल्या एक-दोन घरांत त्या गेल्या. बायका दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितातच. वहिनींनी प्रत्येकीला लाल टिकल्यांचं एक-एक पाकीट दिलं. लाइट गेली की त्या तारखेला टिकली लावायची आणि शेजारी वेळ लिहायची. बल्ब लालसर झाला तर अर्धी टिकली कापून लावायची. घड्याळ न कळणाऱ्या एका आजीने विचारलं, “मी काय लिवू?” वहिनी म्हणाल्या, “म्हशीची धार काढायच्या आधी गेली का नंतर, एवढं नातवाला सांगा. तो लिहील.”

महिनाअखेर अकरा घरांची अकरा कॅलेंडरं संस्थेच्या भिंतीवर ओळीने टांगली. ते बघायला हवं होतं. खालच्या गावात टिकल्या बहुतेक दुपारच्या, रात्री अकरानंतर जवळपास कोऱ्या. मधल्या वाड्यांत दुपारी आणि पहाटे. वरच्या वाडीत मात्र संध्याकाळी सात ते दहा रोज अर्धी टिकली, आणि पावसाच्या आठवड्यात सलग तीन दिवस पूर्ण. कुठल्याही अहवालात नसेल अशी त्या खोऱ्यातल्या विजेची नाडी तिथे भिंतीवर लाल होऊन बसली होती.

नानांनी वायरमनला टाँग टेस्टर घेऊन डीपीवर चढवलं. डीपी ६३ केव्हीएची. “एका फेजला चौऱ्याऐंशी अँपिअरपर्यंत ती झेपवते,” नानांनी वहिनींना समजावलं. संध्याकाळी आठला, बल्क कूलर चालू, पिठाची गिरणी चालू, पाणीपुरवठ्याची मोटर चालू, तेव्हा एका फेजवर ७६ आकडा आला. सहा गाड्या एकदम लावल्या तर प्रत्येक फेजवर दोन, गाडीला पंधरा अँपिअर धरले तर तीस वाढले. शहात्तर आणि तीस, एकशे सहा. “डीपी उडणार,” नाना म्हणाले, “आणि डीपी उडाली की कूलर बंद, म्हणजे गाडी चार्ज करायच्या नादात गावाचं दूध नासणार.” रात्री साडेअकराला परत मोजलं. ३१. त्यात तीस मिळवले तरी एकसष्ट. वायर तीच, डीपी तीच, फक्त घड्याळ बदललं तर भागत होतं.

एका पोराने मध्येच सुचवलं, आपल्याकडे गोबरगॅस आहे, त्याच्यावर का नको? नानांनी त्याला उडवून लावलं नाही. कच्च्या गोबरगॅसमध्ये मिथेन साठ टक्क्यांच्या आसपास, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, वर थोडा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, जो इंजिन खातो. गॅस स्वच्छ करायला आणि टाकीत दाबून भरायला यंत्रसामग्री लागते, ती एका गावाला न परवडणारी. “पंधरा-वीस संस्था एकत्र आल्या तर विचार करू,” म्हणत वहिनींनी वहीच्या मागच्या पानावर त्या पोराचं नाव आणि सूचना लिहून ठेवली.

बाजारगावच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीकडे वहिनी स्वतः गेल्या. सहाही गाड्यांचं नोझल, क्लच, ऑइल त्याच्याकडे व्हायचं. तो आधी बोलेनाच. मग हात पुसत म्हणाला, “वहिनी, गाड्या बदला. पण माझं काय, हे तुमच्या वहीत कुठं हाय?” खरोखरच नव्हतं. त्यांनी तिथेच, ऑइलचे डाग पडलेल्या बाकावर बसून, नवा रकाना आखला. ब्रेक, टायर, कमानी, बेअरिंग राहणारच होतं, ते लिहिलं. बॅटरी आणि मोटरचं काम त्याने आधी शिकून घ्यायचं आणि त्याचा खर्च संस्थेने द्यायचा, असंही लिहिलं. नानांनी एकच ताकीद दिली: “नारिंगी वायर दिसली की शिकल्याशिवाय हात लावायचा नाही. तिच्यात जीव घेण्याइतकी वीज असते.”

महिना संपायला आठ-दहा दिवस राहिले आणि आबांना राहवेना. त्यांनी विक्रेत्याकडून एक विजेचा टेम्पो आठ दिवसांसाठी मागून आणला. वहिनींना राग यायला हवा होता. त्या म्हणाल्या, “बरं झालं. नमुना मिळाला.”

तात्या गाडी चालवायला तयार नव्हते. वरच्या वाडीचा घाट ही चढेल यावर त्यांचा विश्वासच नव्हता. नाना शेजारी बसले. संस्थेतून निघताना बॅटरी शंभर. रिकामे कॅन घेऊन गाडी आवाज न करता घाट चढली. वळणावर बांधलेली म्हैस दचकलीही नाही. माथ्यावर पोचताना आकडा ७०. तात्या म्हणाले, “बघा, गेली तीस. आता भरल्या गाडीला काय उरणार?” दूध भरलं आणि गाडी उतरणीला लागली. नानांनी तात्यांना आकड्याकडे बघायला सांगितलं. ७०. दुसऱ्या वळणाला ७१. तिसऱ्या मोठ्या वळणानंतर ७२. पायथ्याला ७३.

तात्यांनी गाडी बाजूला घेतली. खाली उतरून ते चारही बाजूंनी फिरले, जणू कुणी गुपचूप बाहेरून काही ओतलं असावं. नानांनी त्यांना सांगितलं की उतारावर मोटरच उलटी डायनॅमोसारखी चालते आणि गाडी रोखता रोखता वीज परत बॅटरीत टाकते. “तुमचा रस्ता तर यासाठीच आखल्यासारखा आहे, तात्या. रिकामी चढायची, भरलेली उतरायची.” संस्थेत पोचली तेव्हा आकडा ५८ होता. तात्या एवढंच म्हणाले, “पण वर जाताना पेंडीची पोती असली म्हंजे?” वहिनींनी लगेच लिहिलं: पेंडीचा दिवस, वेगळा मोजणे. मोजला, त्या दिवशी माथ्यावर ६४ होता.

म्हणजे ज्या घाटाची सगळ्यांना धास्ती होती, तो घाट पास झाला होता.

पाचव्या रात्री आबांनी गाडी हौसेने आपल्या वाड्यात नेली. अंगणात एक्स्टेन्शन बोर्ड ओढला. वाड्याचं वायरिंग त्यांच्या वडिलांच्या वेळचं. गिझर त्याच प्लगवर चालतो, मग गाडी का नाही, असा त्यांचा हिशेब. गिझर पंधरा मिनिटं चालतो. गाडी सहा-सात तास अखंड ओढत राहते. रात्री दोनच्या सुमारास आबांच्या आईला जळका वास आला. म्हातारी उठली, तिने आधी मेन स्विच पाडला आणि मग हाक मारली. तिच्या त्या सवयीमुळे वाडा वाचला.

सकाळी रांग चालू होती. आबा खिडकीशी आले आणि रांगेत उभे राहिले. पुढे बोलावलं तरी गेले नाहीत. नंबर आला तेव्हा त्यांनी नमुन्याच्या ट्रेमध्ये एक वस्तू ठेवली. तीन पिनांचा प्लग. एक पीन काळी पडलेली, तिच्या बाजूचं पांढरं प्लॅस्टिक मेणासारखं ओघळून पुन्हा घट्ट झालेलं, आणि त्या ओघळात सॉकेटचा एक तुकडा चिकटून आलेला.

“सूनबाई,” आबा म्हणाले, “माझ्या वाड्याची फॅट लागली नाही.”

वहिनी काही बोलल्या नाहीत. प्लग उचलून त्यांनी वहीच्या शेजारी ठेवला. मग उठून दार उघडलं आणि आबांना आत बसायला स्टूल दिलं. त्या दिवसापासून आबा रोज संध्याकाळी वहीजवळ बसू लागले. कमीपणा गिळून वहीपाशी बसणारा चेअरमन मिळणं ही त्या गावाची मोठी कमाई, असं माझं मत आहे.

आणि त्या वहीतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना आबांच्याच डोळ्यांसमोर भरला गेला. तात्यांच्या मीटरचे आकडे जुळत नव्हते. रोजचे ११२, पण महिन्यात दोन दिवस असे की रात्रीच नव्वदएक किलोमीटर जादा. आबांना शंका आली, तात्या गाडी भाड्याने लावतात की काय. वहिनींनी वरच्या वाडीत जाऊन तात्यांनाच विचारलं. तात्या बराच वेळ विडीच्या बंडलाशी चाळा करत राहिले.

“पहिल्या रात्री भैरूच्या सुनंला कळा सुरू झाल्या,” ते म्हणाले. “दुसऱ्या रात्री शाळंतल्या पोराला पान लागलं. वर दुसरी गाडी कुठं हाय? मी कराडला नेलं. डिझेल माझ्या खिशातलं घातलं, संस्थेचं न्हाई.”

“दोघं बरी आहेत?”

“बाळ-बाळंतीण घरी आली. पोरगंबी आलं.”

वहिनींनी वही उघडली, पण काही वेळ त्यांना लिहिता येईना. नऊ वर्षं हा टेम्पो त्यांच्या खिडकीशी येत होता. त्यात दुधाचे कॅन येतात एवढंच त्यांना ठाऊक होतं. रात्री त्याच हौद्यात गोधडी अंथरून माणसं दवाखान्यात जातात हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हतं. ढवळताना काठी तळाला टेकली की हाताला कळतं. त्यांना तसं कळलं.

मग हिशेब सरळ झाला. विजेची गाडी संध्याकाळची फेरी करून रात्री नऊला वर पोचली तर बॅटरीत पंधरा-सोळा टक्के. सात ते दहा अर्धी टिकली, म्हणजे चार्जिंग नीट होणार नाही. आणि साडेनऊला कुणाला कळा सुरू झाल्या तर कराड पंचेचाळीस किलोमीटर. गाडी घाट चढली होती, रस्ता पास झाला होता, पण वाडीची तार अजून तयार नव्हती.

पुढच्या सभेत वहिनींनी वही वाचली. किलोमीटरच्या रकान्यात सहाच्या सहा पास. रात्रीच्या जागेच्या आणि विजेच्या रकान्यांतून गाळून उरल्या दोन, संस्थेशेजारी राहणाऱ्या ड्रायव्हरांच्या. त्या संस्थेच्या आवारात, नव्या वायरिंगवर, चांगल्या अर्थिंगवर, रात्री अकरानंतर लागतील. पिंपळाखालच्या गाडीचा ड्रायव्हर उठून म्हणाला, “मीबी गाडी हितं ठेवतो. पण रातच्याला घरी चालत कसा जाऊ आन पहाटं कसा येऊ? मला एक सायकल द्या.” सचिवांनी लिहिलं, एक सायकल. तीन गाड्या झाल्या.

गोठ्याशेजारच्या दोन गाड्यांसाठी मधल्या वाडीतली लाइन आणि डीपी वाढवून हवी होती. त्यासाठीच्या अर्जाला वहिनींनी ती कॅलेंडरं जोडली. तालुक्याच्या वीज कार्यालयात साहेबांच्या टेबलावर अकरा कॅलेंडरं पसरली तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि वाकून बघत राहिले. त्यांनी एका अर्ध्या टिकलीवर बोट ठेवून विचारलं, “ही अर्धी का?” बरोबर गेलेली आजी म्हणाली, “त्या वेळी बलप असतोय, पर सुईत दोरा जात न्हाई.” साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं आपल्या टिपणात घेतलं आणि मोजणीला माणसं धाडतो म्हणाले. पुढच्या आठवड्यात माणसं आली. तारा बदलायचं काम अजून व्हायचं आहे.

दसऱ्याला आवारात तीन नवे टेम्पो उभे राहिले. झेंडूच्या माळा, आपट्याची पानं, चाकाखाली लिंबं. त्यांच्या ओळीत, त्याच मानाने, एक सायकलही उभी होती. तिच्या हँडललाही माळ. नव्या भिंतीवर जाड वायरीचे तीन पॉइंट आणि त्यांच्या वर खिळ्याला टांगलेला तो जळका प्लग. मिस्त्री कराडहून शिकून आला होता, त्याने पूजेआधी प्रत्येक गाडीचं झाकण उघडून नारिंगी वायर कुठून कुठे जाते ते ड्रायव्हरांना दाखवलं. आबांनी नारळ फोडायला वहिनींच्या हातात दिला.

तात्यांचा टेम्पो थोडा लांब, वडाखाली उभा होता. डिझेलचाच. त्यालाही माळ होती, पण तात्या पूजेला पुढे आले नाहीत. पूजा झाल्यावर वहिनी प्रसाद घेऊन तिकडे गेल्या. तात्यांनी पेढा घेतला आणि नव्या गाड्यांकडे बघत विचारलं, “माझ्या गाडीचं पान फाडलं का वहीतनं?”

वहिनींनी पिशवीतून वही काढली. तात्यांचं पान तसंच होतं. रकाने आखलेले, तारखा घातलेल्या, पुढच्या महिन्याची जागाही कोरी सोडलेली. शेवटच्या रकान्याला मथळा दिलेला होता: ‘रात्रीचा पेशंट.’ त्या फेरीचं डिझेल यापुढे संस्थेचं, असं खाली आबांच्या सहीने लिहिलेलं.

“हे पान तुमच्याकडेच ठेवा,” त्या म्हणाल्या. “नानांना रोज वर यायला जमत नाही. लाइटची टिकलीही तुम्हीच लावा.”

तात्यांची शाळा चौथीतच सुटलेली. त्यांनी पान घडी करून केबिनमध्ये, देवाच्या फोटोमागे ठेवलं. पंधरा दिवसांनी सकाळी दूध उतरवताना त्यांनी ते खिडकीतून आत सरकवलं. अक्षर मोठं, वाकडं, पेन दाबून धरल्यासारखं. बहुतेक ओळींवर ११२. दोन ठिकाणी ‘पेंड’. सात अर्ध्या टिकल्या, एक पूर्ण. आणि शेवटच्या ओळीवर: ‘२०४. राती म्हातारीला दम. कराड. सकाळी चहा पेली.’

वहिनींनी ते दोनदा वाचलं. बाहेर रांगेत किटल्या वाजत होत्या. त्यांनी पान वहीत लावलं, ढवळणी हातात घेतली आणि तात्यांच्या पहिल्या कॅनचं झाकण उघडलं.